थरपारकर ते कच्छ : स्थलांतरित स्त्रियांचे भरतकाम आणि घरातील वेळेचा इतिहास

प्रास्ताविक

फाळणीचा इतिहास मराठीत लिहिला जातो तो बहुधा पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांच्या आधारे. सिंधचा उल्लेख येतो तो उल्हासनगरच्या निमित्ताने, म्हणजे प्रामुख्याने शहरात स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांच्या संदर्भात. सिंधच्या आग्नेय टोकाला असलेल्या थरपारकर या वाळवंटी प्रदेशातून १९७१ च्या युद्धाच्या वेळी कच्छमध्ये आलेल्या सोढा राजपूत व मेघवाळ कुटुंबांची नोंद या लेखनात क्वचितच आढळते. ही कुटुंबे घरे, शेते आणि अर्धेअधिक गणगोत मागे ठेवून आली. त्यांच्या स्त्रियांबरोबर सुफ, खारेक आणि पाको या नावांनी ओळखले जाणारे भरतकाम मात्र सीमा ओलांडून आले.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे भरतकाम आहे. तथापि त्याच्या सौंदर्याची चर्चा करणे हा येथे हेतू नाही. हस्तकलेच्या अभ्यासात कापड, धागा, टाके आणि नक्षी यांचा विचार बारकाईने होतो. पण त्या कामाला लागलेला वेळ कोठून आला, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. स्वयंपाक, पाणी, मुले आणि जनावरे सांभाळून स्त्रीने बाजूला काढलेला वेळ हा या कलेचा खरा कच्चा माल होय. नव्या सीमेने कुटुंबे दुभंगली हे सर्वज्ञात आहे. त्याबरोबरच तिने घरातील स्त्रीच्या वेळेचा अर्थही बदलला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रणापलीकडच्या लेकी-सुना

या विषयाची सुरुवात १९७१ पासून, किंवा १९४७ पासूनही, करता येत नाही. सोढा हे परमार राजपुतांच्या शाखेतील कूळ. त्यांचे मुख्य ठाणे उमरकोट. परागंदा हुमायूनाला तेथील राण्याने आश्रय दिला आणि १५४२ मध्ये अकबराचा जन्म तेथे झाला, एवढ्यापुरते हे नाव पाठ्यपुस्तकांत येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सर्व सोढा परस्परांना भाऊबंद मानतात. त्यामुळे कुळात सोयरीक होत नाही. सिंधमध्ये इतर राजपूत कुळे थोडी. साहजिकच लेकी द्यायच्या आणि सुना आणायच्या त्या कच्छ, काठेवाड व राजस्थान या बाजूंना, असा प्रघात पडला. कच्छचे जाडेजा राज्यकर्ते व त्यांचे भायात पिढ्यान्‌पिढ्या सोढ्यांच्या मुली करीत आले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कच्छविषयक पुस्तकात मेरियन पोस्टन्स या इंग्रज लेखिकेनेही या संबंधाची दखल घेतली आहे.

म्हणजे कच्छच्या रणाची एक बाजू माहेर आणि दुसरी बाजू सासर, ही रचना राष्ट्र-राज्यांच्या सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे. मुलगी रण ओलांडून येई तेव्हा तिच्याबरोबर तिचे आणे येई. महाराष्ट्रातील रुखवताशी त्याची तुलना करता येईल. फरक इतकाच की रुखवत मुख्यत्वे मांडून दाखवायचे असते, तर आण्यातील वस्तू पुढे आयुष्यभर वापरायच्या असतात. दारावरचे तोरण, भिंतीवरचे चौरस चाकळे, पिशव्या, बटवे, नवऱ्या मुलाची भरतकाम केलेली बुकाणी आणि सासरच्या मंडळींना द्यावयाच्या भेटी असा हा संसार मुलगी व तिची आई मिळून वर्षानुवर्षे जमवीत. थरमधील टाके कच्छमध्ये पोहोचले ते मुख्यतः नववधूंच्या गाठोड्यांतून, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

१९४७ मध्ये कच्छ भारतात आणि थरपारकर पाकिस्तानात गेले. १९५२ मध्ये दोन्ही देशांत पारपत्र व व्हिसा यांची पद्धत सुरू झाली आणि माहेरी जाणे हा सरकारी कागदांचा विषय झाला. १९६५ च्या एप्रिलमध्ये खुद्द रणात चकमकी झाल्या. त्याच वर्षीच्या युद्धाने खोखरापार-मुनाबाव हा रेल्वेमार्ग बंद पडला. उमरकोटच्या राजघराण्याची गोष्ट वेगळी. त्या घराण्यातील राणा चंद्रसिंह पाकिस्तानचे केंद्रीय मंत्री झाले. २०१५ मध्ये त्यांच्या नातवाची वरात पाकिस्तानातून जयपूरला आली तेव्हा तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. सामान्य सोढा कुटुंबाला मात्र एका सोयरिकीसाठी किती खेटे घालावे लागत असतील याची कल्पनाच केलेली बरी.

मोजणीची कला

आता या भरतकामाच्या तंत्राकडे वळू. सुफ म्हणजे त्रिकोण. या कामात कापडावर नक्षी आधी रेखाटली जात नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत, कापडाच्या उलट बाजूने टाके घातले जातात आणि नक्षी सुलट बाजूस उमटते. भरणारी स्त्री संपूर्ण आकृती मनात धरते, तिची उलट मोजणी करते आणि लहान लहान त्रिकोणांतून सममित रचना उभी करते. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांची ही भूमिती आहे. त्यासाठी तीक्ष्ण नजर लागते, आणि लागते अखंड लक्ष.

खारेक हे कामही मोजणीचेच. आपल्याकडच्या 'खारीक' या शब्दाचे हे सख्खे भावंड. कच्छमध्ये मात्र खारेक म्हणजे ताजा खजूर. या कामात काळ्या धाग्याच्या लहान चौकोनांनी आधी नक्षीचा सांगाडा उभा करतात आणि मग मधल्या जागा सुलट बाजूने रंगीत पट्ट्यांनी भरतात. पाको म्हणजे पक्के. त्यात सुईच्या टोकाने ओल्या मातीची रेघ ओढून फुलापानांची आकृती काढतात आणि चौकोनी साखळी टाका व दुहेरी काजटाका यांनी ती दाट भरतात.

या तिन्ही पद्धती संसाराच्या धबडग्यात कशा बसत असतील? याचा विचार तंत्राच्या वर्णनात येत नाही. परंतु तंत्रच त्याचे काही उत्तर देते. पाको मध्येच ठेवून उठता येते, कारण आकृती कापडावर आहे. खारेकमध्ये काळा सांगाडा एकदा पूर्ण झाला की उरलेले काम तुकड्यातुकड्यांनी करता येते. सुफमध्ये मात्र मूल रडले, गाय सुटली, दारी पाहुणा आला की मोजणी मनात धरून उठावे लागते आणि परतल्यावर धागा शोधावा लागतो. चुकलेला एक धागा पुढील साऱ्या त्रिकोणांची बाजू बिघडवतो. म्हणून सुफचा एखादा निर्दोष जुना नमुना पाहताना त्यातील कौशल्याबरोबरच त्या घराने त्या स्त्रीला, बहुधा लग्नाआधीच्या वर्षांत, दिलेली स्वस्थताही आपण पाहत असतो. हा तर्क आहे. पण तंत्राशी तो सुसंगत आहे.

वय वाढले, दृष्टी मंदावली, की मेघवाळ समाजातील वृद्ध स्त्रिया मोजणीचे काम सोडून ठिगळकामाकडे, रल्लीकडे, वळत. जुन्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेली रल्ली ही आपल्या गोधडीची किंवा वाकळेची थरमधील बहीणच. सुईचे काम सुटत नसे; वयानुसार त्याचे रूप बदलत असे.

१९७१ आणि त्यानंतर

डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय सैन्याने थरपारकरमधील छाछरो, नगरपारकर व आसपासचा मोठा मुलूख ताब्यात घेतला. या काळात तेथील अनेक हिंदू कुटुंबे कच्छमध्ये आणि राजस्थानच्या बाडमेर भागात आली. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानुसार हा मुलूख पाकिस्तानला परत करण्यात आला. जमीन परत गेली, यांपैकी बहुसंख्य कुटुंबे गेली नाहीत. काही वर्षे त्यांनी छावण्यांत काढली, पुढे त्यांना नागरिकत्व व वस्तीसाठी जागा मिळाली. भुजच्या परिसरातील सुमरासर, झुरा इत्यादी ठिकाणी त्यांच्या वस्त्या झाल्या.

छावणीत भरतकामाचे स्थान पालटले. आणे हे कुटुंबाचे स्त्रीधन होते. त्याला बाजारभाव नव्हता. परंतु त्याच दशकात कच्छमधील जुने भरतकाम विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरत होते आणि गरजेपोटी अनेक घरांतील पेट्या रिकाम्या झाल्या. ज्या आईने ते काम केले ती बहुधा सीमेपलीकडे राहिलेली किंवा दिवंगत झालेली. त्यामुळे विकले गेलेले पुन्हा तयार होणे शक्य नव्हते. या विक्रीचा हिशेब कोणत्याही पुनर्वसन अहवालात सापडण्याची शक्यता कमी.

दुसरा बदल मजुरीचा. कच्छमध्ये भरतकामाला रोजगाराचे रूप देण्याचा प्रयत्न याआधीच सुरू झाला होता. १९६९ च्या दुष्काळात मुंबईहून मदतकार्यासाठी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांनी आहीर स्त्रियांकडून साड्यांवर भरतकाम करून घेतले आणि त्यातून 'सृजन' ही संस्था उभी राहिली. १९९३ मध्ये सुमरासर येथे ज्युडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने 'कलारक्षा' स्थापन झाली. तिचे काम प्रारंभी याच स्थलांतरित स्त्रियांच्या सुफ भरतकामाभोवती उभे राहिले. कामाची किंमत ठरविण्यात स्वतः कारागीर स्त्रियांना सहभागी करून घेण्याची पद्धत तेथे रुजली, ही बाब विशेष नोंदवण्यासारखी आहे. वेळेला किंमत लावावयाची तर ती कोणी लावावी, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच घरातील स्त्रीपुढे आला.

हा बदल सर्वांना सारखा नव्हता. सोढा स्त्रिया पडदा पाळत. शेतावर वा रस्त्याच्या कामावर जाणे त्यांच्या कुळाला मान्य नव्हते. घरी बसून केलेले भरतकाम हाच त्यांना रोख पैसा मिळवण्याचा प्रतिष्ठित मार्ग होता. मेघवाळ स्त्रीच्या बाबतीत भरतकामाची स्पर्धा थेट मजुरीशी होती. तिला दोन्हींचा हिशेब रोज करावा लागे, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत सुई मागे पडे. 'पारंपरिक कला टिकवणाऱ्या स्त्रिया' अशा सरसकट शब्दप्रयोगात हा भेद बुजून जातो.

बाजारामुळे कला भ्रष्ट झाली, हे मत अभ्यासकांत वारंवार ऐकू येते. ते पूर्णतः चुकीचे नाही. विक्रीच्या कामात त्रिकोण मोठे होतात, रंग ग्राहकाच्या पसंतीने ठरतात. परंतु जुन्या व्यवस्थेला निर्दोष मानण्याचेही कारण नाही. कच्छमधील ढेबरिया रबारी समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आण्यातील भरतकाम पूर्ण होईपर्यंत मुलीची पाठवणी लांबत जाई; अखेर १९९५ मध्ये समाजाच्या पंचांनी भरतकामावरच बंदी घातली. प्रेमाचे काम हे ओझेही असू शकते, हे पंचांनी मान्य केले. मात्र निर्णय घेताना भरतकाम करणाऱ्यांचे मत कितपत विचारात घेतले गेले, हा प्रश्न राहतोच.

घर आणि काम यांची सांगड घालण्याचा अधिक समंजस प्रयत्न २००५ मध्ये सुरू झालेल्या कलारक्षा विद्यालयात दिसतो. कारागिरांना रचनाशास्त्र शिकवणाऱ्या या विद्यालयाने वर्षभराचा सलग अभ्यासक्रम न आखता दोन-दोन आठवड्यांचे निवासी वर्ग वर्षभरात विभागून ठेवले, जेणेकरून लेकुरवाळ्या स्त्रियांना घर फार काळ सोडावे लागू नये. पुढे २०१४ मध्ये मुंबईच्या सोमैया विश्वस्त संस्थेच्या आश्रयाने कच्छमध्येच सोमैया कला विद्या सुरू झाली, तेथेही याच धर्तीवर अध्यापन होऊ लागले. शिक्षणसंस्थेने आपले वेळापत्रक स्त्रीच्या घरातील वेळेला जुळवून घ्यावे, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांतही दुर्मीळ आहे.

दरम्यान सीमा अधूनमधून उघडली आणि मिटली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी, ४१ वर्षांनी, खोखरापार-मुनाबाव मार्गावर थर एक्सप्रेस धावली. सोढा कुटुंबांच्या सोयरिकींना तिचा मोठा आधार झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठीची व्हिसा सेवा स्थगित केली व अटारीची तपासणी चौकीही बंद केली.

१९७१ साली ज्या मुली दहा-बारा वर्षांच्या होत्या, त्या आज पासष्टीच्या आसपास आहेत. छाछरो किंवा नगरपारकरकडे आईजवळ बसून पहिला त्रिकोण मोजलेली ही शेवटची पिढी होय. त्यांच्यातील अनेकींना आता सुफचे धागे दिसत नसतील, हाती रल्ली आली असेल. वस्तुसंग्रहालयांच्या नोंदवहीत त्यांच्या मातांच्या कामापुढे कोठे 'कच्छ' असते तर कोठे 'सिंध'. कोणी, कोणासाठी, कोणत्या गावी शिवले याला रकाना नसतो. धाटकी व पारकरी बोली जाणणाऱ्या अभ्यासकांनी या स्त्रियांकडून मोजणीचे शब्द, नक्ष्यांची नावे आणि प्रत्येक वस्तूची सोयरीक लिहून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी पुढची दहा वर्षेच काय ती हाताशी आहेत.