तळटीप : खाली बसवलेला पिकअप

१४. ‘खाली बसवलेला शेव्हरोले’ : हा सी-१० पिकअप, १९६७ ते १९७२ या घडणीतला. कॅलिफोर्नियाच्या हौशी कारागिरांचा जीव याच ट्रकवर का जडला, हे त्याच्या पोटाखाली वाकून पाहिले की उमगते. त्या काळच्या बहुतेक पिकअपना मागे कमानपाटे असत. सी-१०ला बहुधा चारही चाकांवर वेटोळ्या स्प्रिंगा. वेटोळी कापून ट्रक खाली आणणे स्वस्त, पण वाईट : कापलेली स्प्रिंग ताठर होते आणि तिला दबायला जागा उरत नाही. चांगला कारागीर पुढचे स्पिंडलच बदलतो. नव्या स्पिंडलवर चाकाचा आस वर सरकवलेला असतो, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता ट्रक उतरतो. मागचा आस चासीवर आपटू नये म्हणून चासीत अर्धगोल खाच पाडून तिला पोलादाचे बळ देतात. लेखकाने हे काम एका वाक्यात उरकले आहे. खरे कसब मात्र इथेच लागते.

‘क्रॅगर’ म्हणजे १९६४मध्ये आलेली पाच आऱ्यांची, क्रोमची चाके. १९७०पर्यंतच्या सी-१०ला चाकामागे सहा बोल्ट होते, १९७१पासून पाच. म्हणून मोटारीवरची जुनी पाच बोल्टांची चाके आधीच्या ट्रकवर थेट बसत नाहीत.

प्रकरणातला पोलिसांचा धाकही खराच. गाडीचा कोणताही भाग रिमच्या तळाहून खाली नको, हा कॅलिफोर्नियाचा १९५८चा नियम थेट २०२४च्या आरंभी रद्द झाला. त्याचा जाच मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतल्या तरुणांना सर्वाधिक झाला.