ओलीस

सिनेमातला ओलीस म्हणजे कानशिलावर पिस्तूल टेकलेला प्रवासी. पण मुळात तो तहाचं तारण. हिंदीतही ‘ओल’ म्हणजे तारणच. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ साली, आठ वर्षांचे संभाजीराजे मुघल सेनापती मिर्झाराजांच्या छावणीत राहिले ते असेच. अशा ओलिसाची बडदास्त राखत. तारण खराब करून वसुली कशी व्हायची?

पिस्तुलापुढच्या ओलिसाची गोष्ट वेगळी. १९९९च्या कंदाहार विमान अपहरणात ‘बर्गर’ या टोपणनावाच्या अपहरणकर्त्याने विमानात अंताक्षरी रंगवली. त्याच टोळीने एका प्रवाशाला भोसकून मारलं होतं, तरी काहींना बर्गर भला वाटला. स्टॉकहोममधल्या १९७३च्या बँक दरोड्यावरून अशा आपुलकीला ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणतात. सिनेमावाले त्याचं प्रेम करून टाकतात, ते काही पटत नाही. पाणी आणि शौचाला जायची परवानगीसुद्धा ज्याच्या हातात, त्याच्याशी गोड बोलण्यावाचून इलाज काय?