टक्क्याचा बिंदू होताना

२६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या गॅझेटात एक हुकूम छापून आला. छत्रपती शाहू महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने इंग्लंडला गेलेले होते. हुकुमाचा पहिला भाग सर्वांना ठाऊक आहे: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे. हा ५० चा आकडा शाळेच्या पुस्तकातही असतो. पण त्याच हुकुमात पुढे आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतल्या माणसाची करावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीला सादर करावे. आज बँकेच्या भरतीत ज्या बिंदुनामावलीवरून, म्हणजे कोणत्या क्रमांकाची जागा कोणत्या प्रवर्गाची हे सांगणाऱ्या यादीवरून, उमेदवारांची मने दुखावतात आणि न्यायालयांत खटले उभे राहतात, तिचे मूळ मला या तिमाही पत्रकात दिसते. टक्का ठरवायला राजाची एक सही पुरते. कोणती खुर्ची कोणाची हे लिहून ठेवायला आणि ते पुन्हा पुन्हा तपासायला वही लागते. आपण त्या वहीचा माग काढू.

नोकऱ्या मोजक्या लोकांकडेच साचतात, हे शाहू महाराजांच्याही आधी कोणीतरी पाहिले होते. १८५४ मध्ये मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डाने कलेक्टरांना एक स्थायी आदेश दिला होता: जिल्ह्यातल्या दुय्यम नोकऱ्या मूठभर वजनदार घराण्यांच्या हातात जाऊ देऊ नका, मुख्य जागा निरनिराळ्या जातींत वाटल्या जातील असे पाहा. हेतू न्यायाचा असण्यापेक्षा राज्यकर्त्यांच्या सोयीचाच असावा. सगळी कचेरी एकाच गोतावळ्याची झाली की साहेबाला खरे काय ते कळेनासे होते. आदेश कागदावर राहिला, कारण हिशेब मागणारे कोणी नव्हते. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तेच दुखणे रयतेच्या बाजूने मांडले. सरकार उच्च शिक्षणावर पैसा ओतते, तो पैसा रयतेचा असतो आणि त्या शिक्षणातून वर येणारे लोक सरकारी नोकऱ्या आपल्याच जातीपुरत्या ठेवतात, अशी त्यांची तक्रार होती. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५ राहिले. हे अंतर कापले गेले, यात तिमाही पत्रकाचा वाटा मोठा होता असे मी मानतो.

यानंतर ही कल्पना दक्षिणेत गेली आणि तिथे तिने आजचे रूप धरायला सुरुवात केली. म्हैसूरमध्ये नोकऱ्यांतल्या जातवार प्रमाणाचा विचार करायला लेस्ली मिलर यांची समिती १९१८ मध्ये नेमली गेली. पण खरे वळण मद्रासचे. जस्टिस पक्षाच्या सरकारने १९२१ मध्ये नोकऱ्यांच्या जातवार वाटपाचा पहिला आदेश काढला, आणि १९२७ मध्ये त्याचा सुधारित आदेश आला. त्यात टक्का नव्हताच. बारा जागांचा एक गट धरला होता: ५ ब्राह्मणेतर हिंदू, २ ब्राह्मण, २ मुसलमान, २ अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती, १ दलित वर्गातला. बारा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. इथे टक्क्याचा प्रथमच क्रम झाला. दर वर्षी किती जागा निघतात यावर आता काही अवलंबून राहिले नाही. तीन निघाल्या तर तिसऱ्यावर थांबायचे आणि पुढच्या वर्षी चौथ्यापासून मोजायचे. अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा उरू नये म्हणून माणसाने शोधलेली ही एक साधी पण फार पक्की युक्ती आहे.

बारातला तो एक दलित पुढे दिल्लीत पोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे दीर्घ निवेदन दिले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये मध्यवर्ती सरकारने अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखल्या. हा विचित्र अपूर्णांक म्हणजे बारातला एक. १९४६ मध्ये तो १२½ टक्के, म्हणजे आठातला एक झाला. पुढे घटनेत मागासवर्गांसाठी नोकऱ्यांत आरक्षणाची मुभा देणारे कलम १६(४) आले. त्याच्या पाठोपाठ १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचा जातवार आदेश शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांत आणि नोकऱ्यांतही रद्द ठरवला. ब्राह्मण, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना वाटून देणारी ती जुनी वही बंद झाली आणि मागासलेल्यांपुरती नवी वही उघडली. इतर मागासांसाठी पहिला आयोग १९५३ मध्ये नेमला गेला, त्याचे अध्यक्ष काकासाहेब कालेलकर. आयोगाने २,३९९ जातींची यादी दिली, आणि अहवाल राष्ट्रपतींकडे पाठवताना जोडलेल्या पत्रात स्वतः अध्यक्षांनीच जातीच्या कसोटीबद्दल शंका नोंदवली. अहवाल कपाटात गेला. ओबीसींना केंद्रात आणखी चार दशके वाट पाहावी लागली.

आता बँकांकडे येऊ. या सगळ्या काळात बहुतेक बँका या वहीच्या बाहेर होत्या, कारण त्या खाजगी होत्या. आपल्या बँका मुळात जातगंगेच्या काठानेच उभ्या राहिल्या, हे त्यांच्या संस्थापकांची नावे वाचली तरी दिसते. जुन्या दक्षिण कानडा जिल्ह्यात १९०६ मध्ये अम्मेंबळ सुब्बाराव पै यांनी कॅनरा बँक काढली, पुढे उडुपीच्या पै मंडळींनी सिंडिकेट उभी केली. दोन्ही गौड सारस्वतांच्या कर्तबगारीची फळे. १९३१ मध्ये ए. बी. शेट्टी यांनी बंट समाजातल्या शेतकऱ्यांना घेऊन विजया बँक काढली. मद्रासेत इंडियन बँकेमागे चेट्टियार होते, मुंबईत सेंट्रल बँकेचे सोराबजी पोचखानावाला पारशी. या लोकांनी आपापल्या गावाचे भले केले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण भरती ओळखीवर चाले. पेढीवर घरचा माणूस हवा, रोकड सांभाळणारा विश्वासातला हवा, आणि विश्वासातला म्हणजे बहुधा आपल्यातलाच. ज्याच्या समाजाची बँक नव्हती, त्याच्यासाठी काउंटरच्या आतली बाजू जवळजवळ बंद होती.

१९ जुलै १९६९ रोजी ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या दिवसाची आठवण शेतकऱ्याच्या कर्जासाठी आणि खेड्यातल्या शाखेसाठी काढली जाते. दुसऱ्या परिणामाबद्दल कमी बोलले जाते: सत्तरच्या दशकात या बँकांना आरक्षणाचे नियम लागू झाले आणि नेमणुकीची वही पेढीवर आली. वेळही जुळून आली होती. मार्च १९७० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींचे प्रमाण १५ आणि जमातींचे ७½ टक्के केले आणि ४० बिंदूंची नामावली चालू झाली. चाळीसच का, ते आपण हिशेब करून पाहू शकतो: ४० चे १५ टक्के म्हणजे ६ आणि ७½ टक्के म्हणजे ३; याहून लहान आकड्यात दोन्ही पूर्णांकात बसत नाहीत. अनुसूचित जातींचे बिंदू होते १, ८, १४, २२, २८ आणि ३६. जमातींचे ४, १७ आणि ३१. पहिला बिंदू अनुसूचित जातीचा, हे लक्षात ठेवू. ज्या संस्थांत अनेक दशके दलित माणूस कारकून म्हणून क्वचितच शिरला होता, तिथे मोजणीची सुरुवातच त्याच्यापासून करायची, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. वर्षात एकच जागा निघाली तर ती खुली धरून आरक्षण पुढे न्यायचे, अशी सवलतही होती, आणि लायक उमेदवार मिळाला नाही असे म्हणून बिंदू रिकामे ठेवण्याची सवयही लागली. त्यातूनच अनुशेष साचला. १९८९ मध्ये केंद्राला त्यासाठी विशेष भरती मोहीम काढावी लागली.

ओळखीची जागा परीक्षेने घेतली तीही याच काळात. १९७५ मध्ये बँकिंग सेवा आयोगाचा कायदा झाला. आयोग अल्पायुषी ठरला आणि प्रादेशिक भरती मंडळे आली. त्याच १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत परीक्षा घेणारा एक छोटा विभाग सुरू झाला. १९८४ मध्ये तो स्वतंत्र झाला. आज मुंबईत कांदिवलीला असलेली आयबीपीएस ती हीच. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांतल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना बँकेची नोकरी लागली ती या परीक्षेतून आणि त्या बिंदूंतून. घरात पहिला कायमचा पगार आला आणि मुलांची शाळा त्यावर ठरली. आरक्षण आणि परीक्षा या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत असे समजणाऱ्यांनी हे जरूर पाहावे की, बँकेत दोन्ही हातात हात घालून आल्या आणि दोन्हींनी मिळून चिठ्ठीचपाटी हटवली.

ओबीसींसाठीच्या दुसऱ्या, म्हणजे मंडल आयोगाचा अहवाल १९८० अखेर आला, ऑगस्ट १९९० मध्ये तो लागू करण्याची घोषणा झाली, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ओबीसींचे २७ टक्के मान्य करून एकूण आरक्षणाला ५० ची मर्यादा आणि क्रीमीलेयर, म्हणजे मागासांतला सुस्थितीतला थर, वगळण्याची अट घातली, आणि ८ सप्टेंबर १९९३ पासून ओबीसी आरक्षण अमलात आले. या वादळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. वहीला मात्र एक नवीच अडचण आली: ४० चे २७ टक्के १०.८ होतात. शिवाय फेब्रुवारी १९९५ मध्ये आर. के. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोजायची ती पदे, रिक्त जागा नव्हेत. कोटा भरला की चक्र थांबवा आणि पुढे ज्या प्रवर्गाचा माणूस निवृत्त होईल, त्याच प्रवर्गाचा घ्या. २ जुलै १९९७ च्या आदेशाने २०० बिंदूंची नामावली आली: ३० अनुसूचित जाती, १५ जमाती, ५४ ओबीसी. हिशेब असा की टक्क्यांची बेरीज जिथे पूर्ण एक होते तिथे बिंदू पडतो. २७ टक्क्यांचा पहिला चौथ्या जागेवर, १५ चा सातव्यावर, ७½ चा चौदाव्यावर. गणित निर्दोष आहे. पण जो पहिल्या क्रमांकावर उभा होता, तो सातव्यावर गेला. लहान कार्यालयात, जिथे सात जागा निघायला वर्षे लागतात, तिथे या सहा पावलांची किंमत काय, हे ज्याला मोजावी लागते त्यालाच ठाऊक.

या वहीचे एक पान जवळून पाहण्यासारखे असते. नाव, नेमणुकीची तारीख, उमेदवाराचा प्रवर्ग आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना: तो कोणत्या बिंदूवर घेतला. हे दोन रकाने वेगळे आहेत यातच सगळा अर्थ आहे. ओबीसी मुलगी वयाची किंवा गुणांची सवलत न घेता सर्वसाधारण यादीत आली, तर ती खुल्या बिंदूवर लिहिली जाते आणि तिच्या प्रवर्गाचा बिंदू दुसऱ्यासाठी उरतो. अभ्यासिकांतून ‘ओपनच्या जागा’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या कोणत्याही जातीच्या मालकीच्या नाहीत. तिथे सगळेच बसतात. त्यामुळेच तिथला कट-ऑफ सर्वांत वर जातो, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणाऱ्या परीक्षेत मुले दशांशांवर बाहेर पडतात. त्यांचे दुःख खरे आहे. ते दुःख शेजारच्या खुर्चीवरच्या मुलावर काढले जाते, याचे मात्र वाईट वाटते, कारण जागा कमी झाल्या त्या वेगळ्याच वाटेने. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत लाखाच्या आसपास बँक कर्मचारी बाहेर पडले; २००१ मध्ये भरती मंडळेही गुंडाळली गेली. शिपाई आणि सफाई कामगारांची कामे कंत्राटदारांकडे गेली. १९९० नंतर आलेल्या नव्या खाजगी बँका झपाट्याने वाढल्या, आणि तिथे ही वहीच नाही. २०११ मध्ये आयबीपीएसची सामाईक परीक्षा सुरू झाली. एप्रिल २०२० पर्यंत सरकारी बँका बाराच उरल्या. विजया बडोद्यात, सिंडिकेट कॅनरात विलीन झाली.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला या सामाईक परीक्षेत आणखी एक वळण घ्यावे लागते. राज्यात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये, वंजारी (ड) मध्ये. केंद्राच्या यादीत दोघेही ओबीसी. म्हणून तहसील कचेरीतून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेयर ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, आणि राज्यात ज्याला स्वतंत्र बिंदू होता तो देशभरच्या ओबीसींशी २७ टक्क्यांत झुंजतो. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने राज्याने मराठा समाजाला दिलेले १० टक्के सरकारी बँकेत चालत नाहीत. तिथे तो खुल्या यादीत, किंवा उत्पन्न बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकात. कुणबी दाखला असेल तर ओबीसीत. आर्थिक दुर्बलांचे हे १० टक्के २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आले आणि नामावलीत दहाव्या बिंदूवर बसले. जातीने मागास ठरलेल्या गरिबाला त्यातून वगळले आहे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरले. दोनशेपैकी ८१ बिंदू आता खुले आहेत. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. १९४७ मध्ये मद्रासने आपला आदेश बदलताना ब्राह्मणेतरांच्या शेजारी ‘मागास हिंदू’ असे नवे घर पाडले होते, बाराच्या चौदा जागा केल्या होत्या. आता तोच प्रश्न अनुसूचित जातींच्या रांगेपुढे आला आहे: त्या बिंदूवर महार-बौद्ध, मांग आणि चांभार यांनी कोणत्या क्रमाने उभे राहायचे, आणि तो क्रम कोणत्या मोजणीवर ठरवायचा.