दोन खोल्यांची तालीम

१८४८ साली दिल्लीतल्या एका तरुण न्यायखात्यातल्या नोकराने एक छोटी पुस्तिका लिहिली. नाव होते ‘कौल-ए-मतीन दर इब्ताल-ए-हरकत-ए-जमीन’. म्हणजे पृथ्वी फिरते या मताचे खंडन करणारे ठाम वचन. पृथ्वी जागच्या जागी आहे, फिरतो तो सूर्य, असे तिच्यात मांडले होते. लेखकाचे नाव सय्यद अहमद खान. पुढे ज्यांना जग सर सय्यद म्हणून ओळखू लागले आणि ज्यांच्यामुळे अलीगढ उभे राहिले, तेच हे.

दरवर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या उर्दू शाळांमधून सर सय्यद यांच्यावर भाषणे होतात. विद्यार्थी पाठ करून येतात: कॉलेज काढले, विज्ञानाचा पुरस्कार केला, कौमला जागे केले. ‘कौल-ए-मतीन’चा उल्लेख मी या भाषणांत कधी ऐकला नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा एक शिक्षक म्हणून मला मात्र ही पुस्तिका फार मोलाची वाटते. विज्ञानाचा इतका मोठा पुरस्कर्ता वयाच्या तिशीत पृथ्वी स्थिर आहे म्हणत होता आणि नंतर त्याने हे मत सोडून दिले. त्याची श्रद्धा मात्र गेली नाही. मत बदलूनही माणूस मुसलमान राहू शकतो, ही गोष्ट आमच्या मुलांना कुणी सांगत नाही.

सय्यद अहमद अडाणी घरातले नव्हते. त्यांचे आजोबा, आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन, गणित आणि खगोलाचे नावाजलेले जाणकार होते. मग त्यांनी पृथ्वी स्थिर का मानली? कारण त्या घरातले खगोलशास्त्र टॉलेमीचे होते. नवव्या शतकात बगदादमध्ये टॉलेमी आणि ॲरिस्टॉटल यांचे ग्रंथ अरबीत आले. मुसलमान विद्वानांनी ते अभ्यासले, त्यांतल्या चुका दाखवल्या, त्यांत भर घातली. पुढे तेच ज्ञान मदरशांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसले. दर्स-ए-निजामीत ‘शरह-ए-चगमीनी’सारखे खगोलाचे ग्रंथ होते. ते शिकवताना हे मूळचे यूनानी आहे, मूर्तिपूजकांचे आहे, असे म्हणून कुणी नाक मुरडत नव्हते. हजार वर्षांत परके ज्ञान आपले झाले होते, आणि आपले झाल्यामुळे ते धर्माचा भाग वाटू लागले होते. एकोणिसाव्या शतकात कोपर्निकस आणि न्यूटन दारात आले तेव्हा धर्म विरुद्ध विज्ञान असे भांडण दिसले. नीट पाहिले तर त्यातले बरेचसे भांडण जुन्या विज्ञानाचे नव्या विज्ञानाशी होते. जुन्याच्या डोक्यावर टोपी होती, एवढेच.

हे फक्त आपल्यातच झाले असेही नाही. १८३६ साली सुबाजी बापू या मराठी पंडितांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहिले. ते भोपाळजवळच्या सीहोरला लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर काम करत. पुराणातली पृथ्वी, भास्कराचार्यांची गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची फिरणारी पृथ्वी, या तिघींचा हिशेब त्यांनी मांडला. पुराणाला धरून बसलेल्यांना त्यांनी आधी आपल्याच सिद्धांतग्रंथांचा दाखला दिला आणि मग नव्याकडे नेले. घरातलीच शिडी लावून वर चढायचा हा मार्ग होता. आपल्याकडेही तो उपलब्ध होता, हे पुढे सांगतो.

विरोधकांना भीती कशाची वाटत होती, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ‘मौलवींनी विरोध केला’ असे एका वाक्यात उडवून लावणे सोपे आहे. पण दिल्ली कॉलेजची हकीकत ऐका. १८२५ साली अजमेरी दरवाज्याजवळच्या जुन्या मदरशात हे कॉलेज सुरू झाले. तिथे गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जाई, त्यासाठी पुस्तकांचे तर्जुमे होत. मास्टर रामचंद्र हे तिथले गणिताचे शिक्षक. त्यांचे गणितावरचे पुस्तक १८५० साली कलकत्त्यात छापले गेले आणि १८५९ साली डी मॉर्गन या नामांकित गणितज्ञाने ते लंडनला पुन्हा छापून आणले. उर्दूतून विज्ञान शिकवता येते याचा याहून चांगला पुरावा कोणता? पण १८५२ साली याच मास्टर रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सारी दिल्ली हादरली. आईबापांनी मुले काढून घेतली. मुंबईत त्याआधी, १८३९ साली, मिशनच्या शाळेत शिकणारी पारशी मुले ख्रिस्ती झाली होती आणि तिथेही असाच गदारोळ उडाला होता.

तेव्हा बापाच्या मनात प्रश्न पृथ्वीचा नव्हता, मुलाचा होता. हा मुलगा शिकून घरी परत येईल की नाही? विज्ञान, इंग्रजी, मिशनरी आणि गोरा साहेब हे चारही एकाच गाडीतून उतरले होते. त्यांतला एक ठेवून घ्यायचा आणि तिघांना परत पाठवायचे, हे सामान्य माणसाला कसे जमावे?

सर सय्यद यांना हे समजत होते. १८६४ साली गाझीपूरला त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली. बदली झाल्यावर ती त्यांच्यासोबत अलीगढला आली. पाश्चात्त्य विद्येची पुस्तके उर्दूत आणणे हे तिचे काम. १८६६ पासून तिचे वर्तमानपत्र इंग्रजी आणि उर्दू अशा दोन भाषांत निघू लागले. तोवर फारशी ओरड झाली नव्हती. ओरड झाली ती १८७० नंतर. इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी ‘तहजीब-उल-अखलाक’ हे नियतकालिक सुरू केले आणि धर्माबद्दलच लिहायला घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कुरआन हे अल्लाहचे वचन आहे, निसर्ग ही अल्लाहची कृती आहे, आणि या दोहोंत विरोध असू शकत नाही. विरोध दिसलाच तर आपण वचनाचा अर्थ तरी चुकीचा लावला असेल, नाहीतर कृती तरी नीट पाहिली नसेल.

‘नेचर’ या शब्दावरून त्यांना ‘नेचरी’ असे नाव पडले. ती शिवी होती. त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले, थेट मक्केहूनही आणले गेले. गंमत अशी की या मोहिमेत सर्वांत पुढे असलेले दोन गृहस्थ, कानपूरचे इमदाद अली आणि गोरखपूरचे अली बख्श, हे दोघेही इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. हाली यांनी सर सय्यद यांच्या चरित्रात ही सगळी हकीकत नोंदवली आहे. उलट देवबंदचे मौलाना कासिम नानोतवी यांनी सर सय्यद यांच्या मतांना पत्रातून मुद्देसूद उत्तर दिले. १८८० साली मौलाना वारले तेव्हा सर सय्यद यांनी त्यांच्यावर अत्यंत आदराने मृत्युलेख लिहिला. मतभेद पूर्ण होता, अदब शिल्लक होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला आणि ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांच्या हस्ते कॉलेजची कोनशिला बसली. हे शक्य व्हावे म्हणून सर सय्यद यांना एक सौदा करावा लागला. चंदा देणारे आणि मुले पाठवणारे लोक त्यांच्या धार्मिक मतांना घाबरत होते. म्हणून त्यांनी शब्द दिला की कॉलेजातल्या दीनी शिक्षणात मी हात घालणार नाही. ते काम परंपरेने चालणाऱ्या उलेमांकडे गेले. सुन्नींचे वेगळे, शियांचे वेगळे. पुढे १८९३ साली दीनियातच्या प्रमुखपदी आले ते मौलाना कासिम नानोतवी यांचे जावई. सर सय्यद यांनी याच काळात कुरआनची तफसीर लिहायला घेतली होती. ती त्यांच्याच कॉलेजात शिकवली जात नव्हती.

व्यवहार म्हणून हा सौदा शहाणपणाचा होता. तो केला नसता तर कदाचित कॉलेजच झाले नसते. पण त्याची किंमत आपण आजवर मोजतो आहोत. एका खोलीत भौतिकशास्त्र, दुसऱ्या खोलीत दीनियात, आणि मध्ये भिंत. वचन आणि कृती यांत विरोध नाही, हा ज्यांचा आयुष्यभराचा दावा, त्यांच्याच संस्थेत वचन एका खोलीत गेले आणि कृती दुसऱ्या. दोन्ही एकत्र पाहायची जागा कुठेच राहिली नाही.

ही भिंत त्याच काळात आणखी एकाने ओळखली होती, आणि तो सर सय्यद यांचा कडवा टीकाकार होता. जमालुद्दीन अफगाणी १८८०च्या सुमारास हैदराबाद दख्खनमध्ये राहत होते. तिथल्या एका मदरशातल्या गणिताच्या शिक्षकाने त्यांना पत्र लिहून विचारले, हे नेचरी लोक म्हणजे नेमके कोण? त्या प्रश्नाच्या उत्तरात अफगाणींनी नेचरींचा समाचार घेणारे पुस्तक लिहिले. तेच अफगाणी १८८२ साली कलकत्त्यात बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी उलेमांनाच धारेवर धरले. ज्ञानाचे मुसलमानी आणि फिरंगी असे दोन तुकडे तुम्ही कसे पाडता, असा त्यांचा सवाल होता. ॲरिस्टॉटलला आपला मानता आणि गॅलिलिओ, न्यूटनला मात्र परके ठरवता, हे कसे? दोन विरोधक, आणि दोघांचा रोख एकाच भिंतीवर.

ही भिंत आमच्या मराठवाड्यातही आली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवण्याचे मोठे काम झाले. त्यासाठी तर्जुम्याचे खास खाते होते, हजारो परिभाषिक शब्द घडवले गेले. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा उर्दू नव्हती, आणि मराठी मुलांनाही त्याच भाषेतून शिकावे लागे, हा अन्याय त्यात होताच. पण विज्ञान देशी भाषेत आणून दाखवले, हेही खरे. तिथली रचना मात्र तीच: मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात, इतरांना अखलाकियात, आणि विज्ञान आपल्या जागी वेगळे. भाषेची भिंत पडली, खोल्यांची राहिली.

आज ही भिंत विटांची राहिली नाही, ती मुलांच्या डोक्यात आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे. उर्दूत तिला ‘इर्तिका’ म्हणतात. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा विषय वगळल्यावर देशभर चर्चा झाली. आमच्याकडे धडा आहे, पण मुले मला मधल्या सुट्टीत विचारतात, ‘‘सर, हे फक्त परीक्षेपुरतं ना?’’ विज्ञानाच्या तासाला ते उत्तर लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि वही मिटवतात. संध्याकाळी मकतबमध्ये दुसरे उत्तर पाठ करतात. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहण्याची परवानगी त्यांना कुणी देत नाही. विज्ञानाचे शिक्षक देत नाहीत आणि मौलवीसाहेबही नाहीत. दोघांनाही भांडण नको असते. पण ज्याच्या डोक्यात एका प्रश्नाची दोन उत्तरे कप्पे करून ठेवली आहेत, तो मुलगा धड विज्ञान शिकत नाही आणि त्याचा ईमानही भित्रा राहतो.

या भिंतीवर एक सोपा इलाजही निघाला आहे: सगळे विज्ञान कुरआनात आधीच आहे, असे म्हणून टाकायचे. १९७६ साली मोरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरचे पुस्तक आल्यापासून हे फार वाढले. यात मुलाला आनंद होतो, अभिमान वाटतो, पण त्याला प्रयोगशाळेत जावेसे वाटत नाही. शोध दुसऱ्यांनी लावायचा आणि आपण आयत शोधून दाखवायची, याने तालीम होत नाही. शिवाय विज्ञान उद्या आपले मत बदलेल, तेव्हा त्या आयतीचे काय करणार?

घरातली शिडी म्हणालो होतो, ती ही. पैगंबरांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. या दुःखामुळेच सूर्य काळवंडला, असे लोक म्हणू लागले. पैगंबरांनी (स.) सांगितले की सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या पुत्राच्या मृत्यूच्या दिवशी त्यांनी हा समज लोकांत राहू दिला नाही. पुढे इमाम गझाली यांनी, ज्यांना विज्ञानाचा शत्रू ठरवण्याची फॅशन आहे, याच ग्रहणाच्या संदर्भात बजावले की गणिताने सिद्ध झालेली गोष्ट धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. कारण ज्याने हिशेब स्वतः करून पाहिला आहे, तो हिशेबावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल.

यावर माझी मागणी लहान आहे. वर्षातून काही तास तरी विज्ञानाचे शिक्षक आणि दीनियातचे उस्ताद एकाच वर्गात, एकाच वेळी उभे राहावेत. मुलांनी विचारावे, दोघांनी आपापल्या परीने उत्तर द्यावे, आणि जिथे उत्तर नाही तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणावे. आपल्या परंपरेत मोठमोठे इमाम हे वाक्य उघडपणे म्हणत. सर सय्यद यांना पृथ्वीला फिरू द्यायला बरीच वर्षे लागली. आमच्या मुलांनाही वेळ लागेल. त्यांना तो मिळावा, आणि विचारले म्हणून कुणी त्यांना नेचरी म्हणू नये.