नगरसंस्था आणि निसर्गरक्षण

शहराची हवा, पाणी, झाडी व जमीन ह्यांचें रक्षण करण्यासाठीं नगरसंस्थांनीं स्वतंत्र खातें काढावें, हा विचार हल्लीं सर्वत्र ऐकूं येतो. अशा खात्याची योजना आंखतांना बहुधा उद्दिष्टांची लांबलचक यादी प्रथम तयार होते. यादी चांगलीच असते. परंतु खातें यादीवर चालत नाहीं. तें कशावर चालतें, हें पाहावयाचें तर मुंबई शहराच्या इतिहासाकडे वळावें, असें आम्हांस वाटतें.

सन १८५४ मध्यें मुंबईस पाण्याचें भयंकर दुर्भिक्ष पडलें. बेटावरील विहिरी व तळीं वाढत्या वस्तीस पुरेनात. तेव्हां साष्टींत मिठी नदीवर विहार तलावाचें काम १८५६ मध्यें सुरू होऊन १८६० मध्यें पुरें झालें. पुढें जवळच तुळशीचा तलाव झाला. पाणी शुद्ध राहावयाचें तर पाणलोटांत वस्ती वाढतां कामा नये, हें ओघानेंच आलें. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आज जी झाडी दिसते, तिच्या मुळाशीं ही पाण्याची काळजी बऱ्याच अंशीं आहे. नुसत्या वनप्रेमानें जें क्वचितच साधतें, तें येथें लोकांच्या तहानेनें साधलें.

परंतु गरज पटली म्हणजे काम झालें असें नव्हे. तें करून घेणारा हात लागतो. १८६५ च्या कायद्यानें शहराचा अंमल एका कमिशनरच्या हातीं आला व त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड ह्यांची नेमणूक झाली. रस्ते, गटारें, बाजार व सफाई ह्या कामांत त्यांनीं मोठी धडाडी दाखविली. परंतु खर्चास धरबंध राहिला नाहीं. करदाते खवळले आणि १८७१ मध्यें क्रॉफर्डसाहेबांची कारकीर्द संपली. त्याच वर्षीं फिरोजशहा मेहता ह्यांनीं एका निबंधांत असा पक्ष मांडला कीं, दोष कमिशनरच्या अधिकारांत नसून त्याजवर देखरेख करणारी लोकनियुक्त सभा नव्हती, ह्यांत आहे. पुढील वर्षाच्या कायद्यानें चौसष्ट सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडलेले आले. आणि १८८८ च्या कायद्यानें सभा, स्थायी समिति व कमिशनर ह्यांचे अधिकार वांटून दिले. अंमल कमिशनरकडे राहिला. तिजोरीवरील ताबा सभेकडे आला.

ह्याच कायद्यानें नगरसंस्थेचीं कर्तव्यें अवश्य व ऐच्छिक अशीं दोन प्रकारचीं ठरविलीं. पैशाची तंगी आली कीं ऐच्छिक कामांवर प्रथम कुऱ्हाड पडते, हें सांगावयास नको. १८९६ मध्यें प्लेग आला, तेव्हां सरकारनें शहरसुधारणेसाठीं १८९८ मध्यें एक निराळा ट्रस्ट उभा केला. एकाच शहराची काळजी दोन घरीं वांटली गेली, आणि अखेर १९३३ मध्यें तो ट्रस्ट नगरसंस्थेंत विलीन करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले. महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यानें शहरांतील झाडांसाठीं वृक्ष प्राधिकरणें आलीं. १९९३ मध्यें अंमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नागरी वनीकरण व पर्यावरणरक्षण हे विषय बाराव्या अनुसूचींत घातले. परंतु नगरसंस्थांकडे ते कितपत सोंपवावयाचे, हें राज्याच्या विधिमंडळावर ठेविलें. मार्च २०२२ मध्यें मुंबईनें आपला हवामान कृति आराखडा प्रसिद्ध केला व २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचें ध्येय पुढें ठेविलें. ध्येय थोर आहे, ह्यांत शंका नाहीं.

तथापि ज्या ज्या गांवीं असें खातें निघेल, तेथील नागरिकांनीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. बांधकामाची परवानगी देणाऱ्या खात्याचा हात हें खातें धरूं शकेल काय? अंदाजपत्रकांत त्याची रक्कम निराळी व राखून ठेविलेली आहे काय? आणि लोकनियुक्त सभेपुढें त्यास दरवर्षीं जाब द्यावा लागतो काय? ह्यांपैकीं एकाचें जरी उत्तर नकारार्थी आलें, तरी खात्याची पाटी लागेल व कागदही रंगतील, परंतु तळें बुजावयाचें राहणार नाहीं. मुंबईस शहाणपण सुचण्यास १८५४ सालची पाणीटंचाई यावी लागली. आतां इतर गांवांनीं तरी तहान लागल्यावर विहीर खणावयास बसूं नये.