टोकियोत घडलेला इंग्रजी कोश

फळ्यावर इंग्रजी वाक्प्रचारांची यादी, समोर मराठी अर्थ, आणि मुलांची घोकंपट्टी. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा तास असाच जायचा. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ सगळ्या वर्गाला पाठ. निबंधात मात्र दहावीची मुलेही ‘मेड अ मिस्टेक’च्या जागी ‘डिड अ मिस्टेक’ लिहीत. माझ्या मते वाक्प्रचाराचे शिक्षण इथूनच सुरू व्हायला हवे: कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो. या विचाराला शिस्त लागली ती जपानमध्ये.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरल्ड पामर १९२२ मध्ये लंडनहून तिकडे गेले आणि पुढच्याच वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉर्नबी १९२४ मध्ये क्यूशू बेटावरच्या ओइता इथे आले, साहित्य शिकवायला. पण विद्यार्थ्यांची अडचण भाषेपाशीच होती. ते पाहून हॉर्नबी पामर यांच्या कामाकडे वळले. संस्थेने १९३३ मध्ये शब्दांच्या ठरलेल्या जोड्यांवर मोठा अहवाल काढला. पामर १९३६ मध्ये परतल्यावर हॉर्नबींनी गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह कोश रचायला घेतला.

त्या कोशाने शिक्षकांवर फार मोठे उपकार केले. कुठल्या क्रियापदामागून काय येते, याचे २५ साचे त्यात आखून दिले होते. नाम मोजता येते की नाही, हेही शब्दापुढेच नोंदवलेले. ‘फर्निचर्स’, ‘एक्सप्लेन मी’ असे लिहिणाऱ्या मुलाला नुसते लाल रेघोट्यांनी काय कळणार? कोशातल्या नोंदीवर बोट ठेवले की तो स्वतः वाक्य सुधारतो, आणि त्याच साच्यात आणखी चार वाक्ये रचतो. पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याखाली अशी सोय असावी, हा माझा आग्रह आहे.

दरम्यान युद्ध पेटले. जपानने हॉर्नबींना स्थानबद्ध केले. १९४२ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने हा कोश छापला. जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत असताना! ऑक्सफर्डने १९४८ मध्ये तीच पाने नव्या नावाने छापली. आपल्याकडे शिक्षकांच्या टेबलावर दिसणारा ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ हा तिथूनच वाढत आलेला कोश. पुढे १९६१ मध्ये हॉर्नबींनी आपल्या मानधनातून एक न्यास स्थापला. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या देशांतल्या इंग्रजी शिक्षकांना त्यातून ब्रिटनमध्ये पुढील शिक्षण घेता येऊ लागले.