डबाबंद मासे : सूक्ष्मजैविक सुरक्षितता व टिकाऊपणा

मासे डब्यात हवाबंद करून दाबाखालच्या वाफेत तापवले, की ते बर्फाशिवाय वर्षानुवर्षे टिकतात. कुपा, तारली, बांगडा व सॅल्मन हे या पद्धतीने टिकवले जाणारे प्रमुख मासे. डब्यात नेहमीच्या साठवणीच्या तापमानाला वाढू शकेल असा एकही सूक्ष्मजीव उरू नये, ही या उद्योगाची कसोटी असून तिला ‘व्यापारी निर्जंतुकता’ म्हणतात. केवळ उच्च तापमानाला वाढणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू सुप्तावस्थेत राहिले, तरी या कसोटीला बाध येत नाही.

माशाचा सामू साधारणपणे ६ च्या वर असतो आणि बंद डब्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकी हीच परिस्थिती मानवते. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात. श्वसनाचे स्नायू निकामी झाले तर रोगी दगावतो. विष उकळण्याने नष्ट होते, परंतु काही प्रकारांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. त्यामुळे १००° सेल्सिअसच्या वर जाण्यासाठी रिटॉर्ट, म्हणजे दाबाचे बंद पात्र, वापरावे लागते. या बीजाणूंच्या उष्णतारोधाचे पायाभूत मोजमाप एस्टी व मायर यांनी कॅलिफोर्नियात केले आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. १२१.१° सेल्सिअसला सुमारे ०.२१ मिनिटात बीजाणूंची संख्या एक दशांश होते. अशी घट लागोपाठ बारा वेळा व्हायला अडीच मिनिटे लागतात. व्यवहारात किमान ३ मिनिटे धरतात. हा काळ डब्यातील सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूपाशी मोजायचा असतो. मिठाच्या पाण्यातले सुटे तुकडे लवकर तापतात, घट्ट भरलेला कुपा सावकाश. म्हणून प्रत्येक डब्याचे व भरणाचे वेळापत्रक वेगळे ठरवतात.

उष्णतेचा हिशेब असा पक्का असल्यामुळे डबाबंद माशांतील गाजलेल्या विषबाधांचे मूळ बहुधा तापवण्यानंतरच्या टप्प्यात सापडते. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे अलास्काहून आलेले डबाबंद सॅल्मन खाऊन चौघे आजारी पडले; त्यांपैकी दोघे दगावले. जिवाणू ‘ई’ प्रकारचा होता. या प्रकाराचे बीजाणू उष्णतेपुढे फारसे टिकत नाहीत; रिटॉर्टमध्ये ते जगणे शक्य नाही. अर्थात ते नंतर शिरले होते, आणि त्या डब्याला बारीक छिद्र आढळले. १९८२ मध्ये बेल्जियममध्येही अलास्काच्या सॅल्मनमुळे एक मृत्यू झाला. तेथे चपटे करून आणलेले डबे पुन्हा गोल करणाऱ्या यंत्राने पत्रा फाटला होता. ‘ई’ प्रकार प्रथिने कुजवत नाही, त्यामुळे दुर्गंधीची सूचना मिळेलच असे नाही. ही बाब विशेष गंभीर आहे.

डबा थंड होताना आत निर्वात निर्माण होतो आणि झाकणाच्या दुहेरी दुमडीतून पाण्याचा सूक्ष्म थेंबही आत ओढला जाऊ शकतो. थंड करण्याचे पाणी क्लोरिनयुक्त हवे, ओले गरम डबे हाताळू नयेत, दुमडीची नियमित तपासणी व्हावी, हे नियम त्यासाठीच आहेत.

दुसरा धोका कारखान्याच्या दारात मासा येण्यापूर्वीचा. कुपा, बांगडा व तारली यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. पकडल्यावर लगेच बर्फात न ठेवल्यास मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे ही बाधेची लक्षणे. हिस्टामीन रिटॉर्टच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या बांगड्या-तारलीच्या बाबतीतही होडीवरचा बर्फ हाच खरा उपाय. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाची हिस्टामीनसाठी सुरक्षिततेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

टिकाऊपणा बिघडण्याची कारणे वेगळी. उष्ण प्रदेशातील तापलेल्या गोदामांत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस वाढून डबा न फुगताच माल आंबतो. डेसल्फोटोमॅक्युलम नायग्रिफिकन्समुळे तो काळवंडतो. म्हणून डबे तापवल्यावर झटपट गार करतात आणि नमुने ३७° व ५५° सेल्सिअसला ठेवून पाहतात. स्वीडनमधील सुरस्ट्रोमिंग, म्हणजे आंबवलेले हेरिंग, या वर्गात बसत नाही: ते डब्यात निर्जंतुक केले जात नाही आणि त्याचा डबा किण्वनामुळेच फुगतो. एरवी फुगलेला, गळका किंवा दुमडीवर खोल पोचा पडलेला डबा चवही न घेता टाकून द्यावा. काचेसारखे दिसणारे स्ट्रुव्हाइटचे स्फटिक मात्र निरुपद्रवी असतात. ते माशातील मॅग्नेशियम, अमोनिया व फॉस्फेट यांपासून बनतात.